दान मिळालेले हृदय का थकते?

हृदयप्रत्यारोपणाची बातमी आपण वाचतो तेव्हा ती बहुधा एका धावपळीची बातमी असते. एका शहरात कुणाचा तरी मेंदू मृत झालेला असतो, घरची माणसे त्या दुःखातही अवयवदानाला होकार देतात, पोलीस रस्ता मोकळा करतात, रुग्णवाहिका किंवा विमान धावते आणि काही तासांत ते हृदय दुसऱ्या एका छातीत धडधडू लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुंबईला असेच एक हृदय आणले गेले आणि ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. बातमी तेथे संपते. रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची खरी वाटचाल मात्र तेथून सुरू होते.

या वाटचालीविषयी दवाखान्यात मला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला असा, की तरुण माणसाचे निरोगी हृदय मिळाले म्हणजे आता पुढची चाळीस वर्षे चिंता मिटली ना? दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर तीन-चार वर्षांनी येतो. सगळे उत्तम चालले आहे, काही दुखत नाही, मग इतक्या गोळ्या आणि इतक्या तपासण्या अजून कशासाठी?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. जगभरातील प्रत्यारोपणांच्या नोंदी पाहिल्या तर पहिले वर्ष पार करणाऱ्यांचे प्रमाण आज शंभरात सुमारे ८५ किंवा त्याहून अधिक आहे. पन्नास वर्षांपूर्वी असे कोणी म्हटले असते तर त्यावर विश्वास बसला नसता. परंतु दीर्घकाळाचा हिशेब मांडला तर निम्मे रुग्ण साधारण बारा ते तेरा वर्षांचा टप्पा ओलांडतात आणि निम्मे त्याआधी जातात. वीस, पंचवीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जगलेली माणसे आहेत. पण ती सरासरी नव्हे. देणारा तरुण होता, हृदय धडधाकट होते, शस्त्रक्रिया निर्दोष झाली. तरीही ते हृदय वेळेआधी का थकते, या एका प्रश्नावर गेली पाच दशके संशोधन चालू आहे. त्यातून जे समजले, ते अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

केपटाऊनमधील दुसरा रुग्ण

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवण्याची जगातील पहिली शस्त्रक्रिया केली. लुई वॉशकान्स्की हे त्यांचे रुग्ण १८ दिवस जगले आणि न्यूमोनियाने गेले. हे नाव अनेकांना आठवते. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो दुसरा रुग्ण.

फिलिप ब्लायबर्ग हे ५८ वर्षांचे दंतवैद्य होते. २ जानेवारी १९६८ रोजी त्यांना २४ वर्षांच्या एका तरुणाचे हृदय बसवण्यात आले. ते बरे झाले, घरी गेले आणि १९ महिन्यांहून अधिक काळ जगले. त्या काळात हा मोठाच पराक्रम होता. ऑगस्ट १९६९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि शवचिकित्सेत डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट दिसली. त्या तरुण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून दाटून अत्यंत अरुंद झाल्या होत्या. जे बदल एरवी उतारवयात, कित्येक दशकांत घडतात, ते येथे दोन वर्षांच्या आत घडले होते. कोलेस्टेरॉल हे एकटे कारण असते तर इतक्या थोड्या काळात असे होणे शक्य नव्हते. येथे निराळेच काही घडत होते.

त्या काळात मुंबईही या प्रयत्नांत मागे नव्हती. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केले. परंतु रुग्ण काही तासांतच दगावला. जगभर १९६८ या एका वर्षात अशा सुमारे शंभर शस्त्रक्रिया झाल्या आणि बहुतेक रुग्ण अल्पकाळातच गेले. बहुसंख्य रुग्णालयांनी मग हे काम थांबवले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे डॉ. नॉर्मन शमवे यांनी मात्र धीर सोडला नाही. हृदय शिवण्याचे तंत्र साधले आहे, अडचण शरीराच्या नकारात आहे, हे ओळखून त्यांचा चमू वर्षानुवर्षे त्या नकारामागे लागला.

भारतात पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण होण्यास ३ ऑगस्ट १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा त्याच वर्षी झाला होता. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या नेतृत्वाखाली ती शस्त्रक्रिया पार पडली.

‘आपले’ आणि ‘परके’

आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा असतात. वैद्यकात त्यांना एचएलए म्हणतात. या खुणांच्या शोधाचे मूळ फ्रान्सचे शास्त्रज्ञ झाँ दॉसे यांच्या १९५८ मधील कामात आहे. त्यासाठी त्यांना १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी या खुणा तपासत सतत गस्त घालत असतात. खूण ओळखीची असेल तर पुढे जायचे, परकी असेल तर हल्ला करायचा, असा त्यांचा नेम आहे. याच नेमामुळे आपण जंतूंपासून वाचतो. दान मिळालेले हृदय प्राण वाचवण्यासाठी आले आहे, हे त्या पेशींना कळण्याचा मार्ग नाही. त्यांच्या लेखी ते परके आहे आणि कायम परकेच राहते.

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात दाता आणि रुग्ण यांच्या खुणा जुळवून पाहण्यास काहीसा अवधी मिळतो. हृदयाच्या बाबतीत तो मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीने बर्फात थंड ठेवलेले हृदय साधारण चार तासांच्या आत नव्या छातीत धडधडू लागावे लागते. त्यामुळे रक्तगट जुळणे, शरीराचा आकार जवळपास सारखा असणे आणि रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध आधीच तयार झालेली प्रतिपिंडे नसणे, एवढेच प्रामुख्याने पाहता येते. ज्यांना पूर्वी अनेकदा रक्त दिले गेले आहे, किंवा ज्या स्त्रियांची बाळंतपणे झाली आहेत, त्यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे त्यांना योग्य हृदय मिळण्यास अधिक काळ थांबावे लागू शकते.

शरीराचा नकार तीन प्रकारे प्रकट होतो. पहिला प्रकार काही मिनिटांत किंवा तासांत घडतो. आधीच्या तपासण्यांमुळे तो आज दुर्मीळ झाला आहे. दुसरा काही आठवडे ते महिन्यांत उद्भवतो. पांढऱ्या पेशी हृदयाच्या स्नायूत शिरून तो दुखावतात. हा प्रकार वेळेवर लक्षात आला तर औषधांनी बहुधा आटोक्यात येतो. तिसरा प्रकार वर्षानुवर्षे, आवाज न करता चालतो. ब्लायबर्ग यांच्या हृदयात दिसला तो हाच, आणि हृदये दीर्घकाळ न टिकण्याचे एक प्रमुख कारणही तोच.

धमनी आतून कशी भरते?

हृदयाच्या धमन्यांना आतून पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. रुग्णाचे रक्त आणि दात्याचे हृदय यांची पहिली आणि कायमची गाठ या अस्तरावरच पडते. गस्तीच्या पेशी आणि प्रतिपिंडे प्रथम तेथेच थडकतात. अस्तराला वारंवार बारीक इजा होते, शरीर ती भरून काढू पाहते आणि या दुरुस्तीच्या प्रयत्नात धमनीच्या भिंतीतील स्नायूपेशी आतल्या बाजूला वाढू लागतात. वणावर वण चढत जावा तशी ती भिंत जाड होते आणि रक्ताची वाट अरुंद होत जाते.

आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या हृदयविकाराहून हा आजार एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. नेहमीच्या विकारात धमनीत एखाद्या ठिकाणी चरबीचा गोळा साचतो; तेथे स्टेंट बसवता येतो किंवा बायपास करता येते. प्रत्यारोपित हृदयात मात्र धमनी मुळापासून टोकापर्यंत सर्व बाजूंनी सारखीच आवळत जाते आणि बारीक फांद्याही सुटत नाहीत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने घरातील नळ आतून सगळीकडे भरत जावा, तसे हे आहे. एका जागी टोकरून तो नळ मोकळा होत नाही. म्हणूनच येथे स्टेंटचा उपयोग मर्यादित असतो, बायपास क्वचितच करता येते आणि आजार फार पुढे गेल्यावर दुसऱ्यांदा प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

या आजाराची चिन्हे तपासणीत एका वर्षानंतर साधारण दहा टक्क्यांहून कमी रुग्णांत, पाच वर्षांनी सुमारे तीस टक्क्यांत आणि दहा वर्षांनी जवळजवळ निम्म्या रुग्णांत आढळतात. सर्वांत तो सारख्याच वेगाने वाढत नाही. काहींच्या धमन्या वर्षानुवर्षे जेमतेम बदलतात, काहींच्या थोड्या काळात आवळतात. हा फरक कशामुळे पडतो, हे शोधताना संशोधकांना कारणांची एक साखळीच सापडली.

ही साखळी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते. दात्याचा मेंदू मृत होतो त्या वेळी त्याच्या शरीरात ॲड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो आणि त्याने हृदय व धमन्यांचे अस्तर दुखावू शकते. मग थंडीत रक्ताविना घालवलेले तास येतात आणि त्यानंतर एकदम सुरू झालेला रक्तप्रवाह. पहिल्या वर्षात शरीराने हृदयावर किती वेळा आणि किती तीव्र हल्ला केला, यावरही पुढचे बरेच काही अवलंबून असते. सायटोमेगालो नावाचा एक विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती दबल्यावर तो जागा होतो आणि धमन्यांना इजा करतो. शेवटी आपल्या ओळखीची मंडळी येतात : रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि तंबाखू.

येथे एक अवघड पेच आहे. शरीराचा नकार दाबणारी औषधेच यांतील काही त्रास वाढवतात. स्टेरॉइडने साखर आणि वजन वाढते. सायक्लोस्पोरीन व टॅक्रोलिमस यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मात्रा अधिक झाली तर जंतुसंसर्ग आणि पुढे काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका. कमी झाली तर हृदयाला धोका. प्रत्यारोपण केंद्रातील डॉक्टर वर्षानुवर्षे या दोरीवरून तोल सांभाळत चालत असतात. रक्त तपासून गोळी अर्ध्या मिलिग्रॅमने कमीअधिक केली जाते ती याच कारणाने. घरच्यांनी ‘डॉक्टर सारखे औषध बदलतात’ असे मानून घेऊ नये.

न दुखणारे हृदय

आता मी या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो.

हृदय काढताना त्याला जोडलेल्या चेतातंतू कापल्या जातात. नव्या छातीत रक्तवाहिन्या शिवता येतात, चेतातंतू शिवता येत नाहीत. काही रुग्णांत त्या वर्षांनंतर अंशतः वाढतात, पण त्याचा भरवसा नसतो. परिणामी दान मिळालेल्या हृदयाला मेंदूचा लगाम राहत नाही. ते स्वतःच्या लयीत चालते आणि विश्रांतीतही नाडीचे ठोके मिनिटाला ९० ते ११० असतात. चालायला लागल्यावर ठोके सावकाश वाढतात आणि थांबल्यावर सावकाश उतरतात. म्हणून अशा व्यक्तीने व्यायामाआधी थोडा वेळ हळू चालावे आणि शेवटीही एकदम थांबू नये.

याच कारणाने अशा हृदयाला वेदनाही सहसा कळत नाही. तुमच्या-माझ्या हृदयाला रक्त कमी पडले तर छातीत कळ येते, डावा हात जड होतो, घाम फुटतो. ती कळ म्हणजे धोक्याची घंटा असते. प्रत्यारोपित हृदयात ती घंटा बहुधा वाजतच नाही.

माझ्याकडे रक्तदाब तपासण्यासाठी येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचे प्रत्यारोपण होऊन सहा वर्षे झाली होती. एकदा त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि सहज म्हणाल्या, “डॉक्टर, हल्ली हे दुसऱ्या मजल्यावर जरा टेकतात. वय झालं म्हणायचं.” काका हसून म्हणाले, “छातीत काही दुखत नाही हो, उगाच काळजी करते ही.” मी म्हणालो, “काकू, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. काकांच्या छातीत दुखणारच नाही, म्हणून तर आपण जिना मोजायचा.” त्यांना त्याच आठवड्यात त्यांच्या केंद्राकडे पाठवले. अँजिओग्राफीत धमन्या अरुंद होऊ लागल्याचे दिसले, औषधे बदलली गेली आणि आज ते नियमित तपासणीखाली आहेत. काकूंनी वयावर भागवले असते तर ही गोष्ट बरीच उशिरा कळली असती.

म्हणून वाचकहो, अशा घरात लक्ष ठेवायचे ते पुढील खुणांवर : पूर्वी सहज होणाऱ्या कामाला दम लागणे, अकारण थकवा, पायांवर किंवा पोटावर सूज, दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढणे, रात्री उताणे झोपता न येणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, ठोके अनियमित होणे. यांपैकी काहीही दिसले तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणू नये. त्याच दिवशी केंद्राला कळवावे. शुद्ध हरपली किंवा दम बसल्या जागी लागू लागला तर थेट रुग्णालय गाठावे.

संशोधनाने हाती काय दिले?

हा आजार मूकपणे वाढतो हे कळल्यावर त्याला वेळीच गाठण्याचे मार्ग शोधले गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्डमध्ये डॉ. फिलिप केव्ह्‌ज यांनी मानेतील शिरेतून बारीक चिमटा नेऊन हृदयाचा कणभर तुकडा काढण्याची पद्धत रूढ केली. या बायोप्सीमुळे शरीराचा हल्ला लक्षणे दिसण्याआधीच ओळखता येऊ लागला. मात्र बायोप्सीत हृदयाचा स्नायू दिसतो, मोठ्या धमन्या दिसत नाहीत. बायोप्सी चांगली आली म्हणजे धमन्याही मोकळ्या आहेत असे होत नाही, आणि म्हणूनच ठरावीक काळाने अँजिओग्राफी करावी लागते. काही ठिकाणी धमनीच्या आतूनच सोनोग्राफी करतात. पहिल्या वर्षात धमनीचे आतील आवरण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाड झाले तर पुढील वाटचाल बिकट असू शकते, हे त्या तपासणीतूनच कळले.

औषधांची कहाणीही रोचक आहे. नॉर्वेतील हार्डांगरविद्दा पठारावरच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरीन मिळाले. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि बंद पडलेली प्रत्यारोपणे जगभर पुन्हा सुरू झाली. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतून १९८४ साली टॅक्रोलिमसचा शोध लागला. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतून सिरोलिमस आले. रुग्णाच्या डबीतील या गोळ्यांची मुळे अशी मुठभर मातीत आहेत.

त्यांतील सिरोलिमस आणि त्याचे भावंड एव्हरोलिमस यांचा गुण असा, की धमनीच्या भिंतीतील स्नायूपेशींची वाढ ती रोखतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ६३४ रुग्णांच्या अभ्यासात एव्हरोलिमस घेणाऱ्यांच्या धमन्या वर्षाअखेरीस कमी जाड झालेल्या आढळल्या. परंतु जखम भरण्यास विलंब आणि जंतुसंसर्ग असे तोटेही दिसले. त्यामुळे ते कोणाला व केव्हा द्यावे, हा निर्णय केंद्रातील तज्ज्ञांचाच.

दुसरा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यातील औषध साधे आहे. १९९५ साली लॉस एंजेलिस येथील डॉक्टरांनी ९७ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांना प्रत्यारोपणानंतर लगेच प्रावास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध सुरू केले, काहींना नाही. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ९४ टक्के जिवंत होते, न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. धमन्यांचा आजारही औषध घेणाऱ्यांत कमी आढळला. तेव्हापासून कोलेस्टेरॉल कसेही असले तरी अशा रुग्णांना स्टॅटिन देण्याची प्रथा पडली. ‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे, मग ही गोळी कशाला?’ असे विचारून ती परस्पर बंद करणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. स्टॅटिन घेताना अंग, विशेषतः मांड्या दुखू लागल्या तर मात्र अवश्य सांगावे; इतर औषधांबरोबर त्याची मात्रा सांभाळावी लागते.

अलीकडची दिशा रक्ततपासणीची आहे. प्रत्यारोपित हृदयाच्या पेशी दुखावल्या की त्यांचे डीएनए रुग्णाच्या रक्तात उतरते आणि दात्याचे डीएनए वेगळे ओळखता येते. त्याचे प्रमाण वाढले म्हणजे हृदयाला इजा होत असावी. अशा तपासण्यांमुळे काही रुग्णांच्या बायोप्सी कमी करता येतात. दात्याविरुद्ध नव्याने तयार होणारी प्रतिपिंडेही रक्तात शोधता येतात. आजाराला अजून पूर्ण आवर घालता आलेला नाही. परंतु तो लवकर ओळखला तर त्याचा वेग कमी करता येतो. त्यासाठी दोन गोष्टी रुग्णाच्या हातात आहेत : औषध वेळेवर घेणे आणि तपासणी न चुकवणे.

घरच्यांसाठी काही सूचना

नकार दाबणारी गोळी घड्याळाच्या काट्यावर घ्यावी. सकाळी आठ आणि रात्री आठ ठरले असेल तर लग्नकार्य असो वा प्रवास, वेळ तीच. गोळ्यांचा निदान आठ-दहा दिवसांचा साठा अधिक ठेवावा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत याचे महत्त्व कळते. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर केंद्राला विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळीनंतर लगेच उलटी झाली किंवा वेळ चुकली, तर मनानेच दुप्पट मात्रा न घेता फोन करावा.

औषधाची रक्तातील पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त देईपर्यंत गोळी घेऊ नये. ती सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर लगेच घ्यावी.

माझ्यासारख्या कोणत्याही डॉक्टरकडे सर्दी-तापासाठी गेलात तरी पहिले वाक्य ‘यांचे हृदयप्रत्यारोपण झाले आहे’ हे असावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि बुरशीवरची काही औषधे यांनी टॅक्रोलिमसची पातळी धोकादायक वाढते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती झपाट्याने घसरते. अंगदुखीच्या सर्रास मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात. ग्रेपफ्रूट टाळावे आणि त्याच जातीचे आपले पपनसही टाळावे.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकले जाणारे काढे, गुळवेलीच्या गोळ्या, चूर्णे या घरात विचारल्याशिवाय आणू नयेत. शेजारीपाजारी प्रेमानेच आणून देतात. पण येथे सारी खटपट ती शक्ती मोजून मापून दाबण्यासाठी चालली आहे, हे त्यांना नम्रपणे सांगावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल तर वाट न पाहता कळवावे. फ्लूची निष्क्रिय लस चालते; जिवंत विषाणूंच्या लसी सहसा टाळतात. उघड्यावरचे पदार्थ, न तापवलेले दूध, कच्चे अंडे नको. तंबाखू व मिश्री कोणत्याही रूपात नको. रक्तदाब, साखर आणि वजन यांची वही घरात असावी आणि दर भेटीला सोबत न्यावी.

प्रत्यारोपण झालेला मुलगा किंवा मुलगी सोळा ते बावीस वयाची असेल, तर आजी-आजोबांनी विशेष सावध असावे. ‘मी आता बरा आहे, मला इतरांसारखे राहू द्या’ असे वाटण्याचे ते वय असते. गोळ्या सुटण्याचे आणि हृदय गमावण्याचे प्रमाण याच वयात अधिक आढळते. रागावून उपयोग होत नाही. रात्री आठ वाजता स्वतःची रक्तदाबाची गोळी घेताना नातवालाही जवळ बोलवावे आणि दोघांनी एकत्रच पाणी प्यावे. चार महिन्यांत त्याची सवय होते.

काळजीवाहकांनी स्वतःलाही विसरू नये. हे काम वर्षानुवर्षांचे आहे आणि खर्चाचेही. दर महिन्याचा औषधखर्च जड होऊ लागला तर गोळ्या निम्म्या करून पुरवण्याचा विचार मनातही आणू नये. केंद्रातील समन्वयकांशी मोकळेपणाने बोलावे. शासकीय योजना, धर्मादाय निधी, स्वस्त दरातील औषधे असे मार्ग त्यांना माहीत असतात.

ज्या कुटुंबाने आपल्या माणसाचे हृदय दिले, त्याचे नाव आपल्याला बहुधा कधीच कळत नाही. त्यांचे उपकार फेडण्याचा विचार अनेक रुग्णांना व्याकूळ करतो. त्यांना मी एवढेच सांगतो, की आजची रात्रीची गोळी वेळेवर घ्या आणि पुढची अँजिओग्राफीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. त्या हृदयाची राखण एवढ्याच साध्या कामांनी होते.